तांबं कमी पडलं

धारासूरकर सर कुणाच्याही घरी गेले की आधी खिशातला लोहचुंबक काढून त्यांच्या भांड्यांना लावायचे आणि मगच बसायचे. सेलूच्या कॉलेजात ते फिजिक्स शिकवायचे. माझं भांड्यांचं दुकान त्यांच्या वाटेवर, त्यामुळे हा त्रास मला रोजचा.

देवगाव फाट्याला सायकलवर जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची भांडी विकून मी हे दुकान उभं केलंय. गिऱ्हाईक कसं वळवायचं हे मला शिकवायची कुणाची टाप नाही. पण सर यायचे, चहा मागायचे आणि वर ज्ञान द्यायचे.

त्यांचं वेड असं : कॉलेजातल्या काचेच्या हंडीतली हवा पंपाने ओढून घ्यायची, आत निकेल आणि तांबं तापवून त्यांची वाफ करायची आणि काचपट्टीवर तिचा कागदाहून कितीतरी पातळ थर बसवायचा. हा थर गरम असला की चुंबकाला ओळख देत नाही, निवला की ओढून घेतो. सर सांगायचे, "किती निवल्यावर ओढायचं, ते तांब्याच्या हातात. तांबं वाढवलं की उशिरा, कमी केलं की लवकर."

चहा पिण्याजोगा झाला की नेमका तेव्हाच ओढणारा थर त्यांना हवा होता. पट्टी कपाला टेकवायची, शेजारी दोऱ्याला चुंबकाची सुई टांगायची, सुई वळली की प्यायचं. पण कधी सुई उकळत्या चहालाच वळायची, कधी साय धरून माशी बसली तरी ढिम्म. पुढे पुढे जगात काहीही वेळेआधी झालं की सर मान हलवायचे. एसटी लवकर सुटली, तांबं कमी पडलं. खिचडी कच्ची उतरवली, तांबं कमी पडलं. मी भडकलो, तरी तेच.

विद्यापीठाच्या नामांतरावरून गाव बंद असलं तरी अर्ध्या शटरखाली त्यांच्या चपला दिसायच्या. "शेठ, चहा हाय का?"

मग बोरीची पार्टी आली. लग्नाचा अख्खा संच, प्रत्येक भांड्यावर नाव टाकून. तासभर घासाघीस करून मी सौदा जमवला, नावं टाकायचं मशीन हातात घेतलं आणि सरांनी परातीला चुंबक लावला. चिकटला.

"हलकं स्टील हाय हो! भारीला चुंबक चिकटत न्हाई!"

नवरीचा मामा उठलाच. "चला रे, शेठ चुना लावायलाय!"

मी भावही हलक्याचाच सांगितला होता. पण ऐकतो कोण?

"सर, पुन्हा पायरी चढलात तर तंगडं मोडीन!"

"शेठ, तांबं..."

"निघा!"

बरेच दिवस ते फिरकले नाहीत. बोरीचा मामा मात्र माझ्या डोक्यातून गेला नाही. आजही गेलेला नाही.

एका दुपारी सर पायरीखाली येऊन उभे राहिले. हातात स्टँड, दोरा, सुई, पट्टी.

"चढत न्हाई मी. एवढं फक्त कपाजवळ ठेवा. तुमी उकळता चहा घशात ओतता, तोंड भाजतं, मग तुमी भडकता. ही पट्टी तुमच्या चहावर बेतलीय."

"आणि तुमच्या चहाचं काय?"

"मी कुठं चहा करतो? एकट्यासाठी स्टो कोण पेटवणार?" सर सुईचा दोरा सोडवत म्हणाले. "माझा चहा म्हणजे इथलाच."

मी दोन चहा मागवले. "या वर," एवढंच म्हणालो.

पट्टी माझ्या कपाला टेकवली. सुई वळेपर्यंत हात रिकामे होते, म्हणून मी बोरीच्या मामावरून सरांना पुन्हा फाडायला घेतलं. ऐन रंगात आलो आणि सुई वळली. चहा अगदी बेतशीर झाला होता. दोन घोटांत संपला. सर स्टँड आवरून उठायला लागले.

"सर, लय लवकर वळली," मी म्हणालो. "तांबं कमी पडलं. अजून घाला."