मुंगसांचा दुसरा भाग

लहान मुलांचं कार्टून लागलं, की आमच्या शेजारचे आण्णा इस्त्रीचा शर्ट घालून एकटेच बघायला जातात. वय पासष्टच्या पुढे, मिशा झुपकेदार. आवाज असा, की शाहूपुरीतल्या आपल्या पाण्याच्या मोटारींच्या वायंडिंगच्या दुकानात ते बोलायला लागले, की समोरच्या दुकानातलं गिऱ्हाईक मागं वळून बघतं. एकदा थेटरच्या दारावरच्या मुलीनं विचारलं, "आजोबा, बरोबरची मुलं कुठायत?" आण्णा म्हणाले, "मीच हाय. सोड आत."

त्यांचा सगळा राग असतो तो दुसऱ्या भागावर. पहिल्या भागाला ते सगळं माफ करतात. दुसरा भाग म्हणजे त्यांच्या लेखी जळालेली मोटार पुन्हा तार गुंडाळून आणलेली. "तार नवी घातली म्हंजे मोटार पाणी वडतीच आसं न्हाय," असं ते थेटरच्या पायऱ्यांवर अनोळखी माणसांनाही सांगतात.

मुंगसांच्या पिच्चरचा पहिला भाग त्यांनी अख्ख्या गल्लीला बघायला लावला होता. त्यात एक ठार बहिरा म्हातारा मुंगूस पुराच्या पाण्यातून एकेक पिल्लू तोंडात धरून काठाला आणतो. दुसरा भाग लागला तेव्हा आण्णा मला म्हणाले, "मास्तर, चला. साक्षीदार पायजे." मी शाळेत मराठी शिकवतो, एवढ्यावर त्यांनी मला जाणकार ठरवलं होतं.

थेटरात त्यांनी आपल्या चष्म्यावर तिथं मिळालेला थ्रीडीचा काळा चष्मा चढवला आणि सुरुवात केली. आधी कौतुक. पाणी असं काढलंय, की बोट बुडवावं वाटतंय. भिजलेल्या मुंगसाचा केसन् केस वेगळा दिसतोय. एक पिल्लू बोलताना अडखळायचं आणि बाकीची भावंडं त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबायची. तेवढा वेळ आण्णाही गप्प बसले.

मग नाग आले. पहिल्या भागात एक होता, आता तीन. "एका नागाला भ्यालो हुतो," आण्णा मोठ्यानं म्हणाले, "आता तीन हायत, आन् भ्याच वाटंना." गोष्ट अडली की कुणीतरी गाणं म्हणायचं, आणि गोष्ट बरीच अडत होती. पुढच्या रांगेतल्या एका बापानं वळून बघितलं, तर आण्णांनी त्यालाच सल्ला दिला, "पावणं, पोराला पॉपकॉर्न आत्ताच आणा. हितनं फुडं काय न्हाय."

त्यानंतर मुंगसांचं कुटुंब नव्या बेटावर राहायला निघालं. तराफ्यावर जागा पुरेना, म्हणून म्हाताऱ्याला काठावरच ठेवलं. त्याला काही ऐकू आलं नव्हतं. तो आपला हसत हात हलवत राहिला. थेटर खदखदून हसलं. आण्णांनी दोन्ही चष्मे काढले. पुढं बेट सापडलं, नाग हरले, सगळे नाचले, पण म्हाताऱ्याला आणायला कुणी परत गेलं नाही. शेवटची नावं संपून दिवे लागले तरी आण्णा पडद्याकडं बघत बसले होते.

येताना स्कूटरवर आणि मग जिना चढताना त्यांनी दिग्दर्शकाच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. दारात पोचल्यावर म्हणाले, "आत या, च्या घिऊन जावा."

काकू खाटेवर बसल्या होत्या. दोनेक वर्षांपूर्वी साखरेनं त्यांची नजर गेली. त्याआधी नवरा-बायको पिच्चर जोडीनं बघायचे. आता आण्णा एकटे जाऊन येतात आणि घरी येऊन तो त्यांना सांगतात, हे मला त्या दिवशी कळलं. मोठ्यांच्या पिच्चरमध्ये सगळे नुसते बोलत बसतात, त्यात सांगण्यासारखं काही उरत नाही. म्हणून कार्टून.

आण्णांनी सांगायला सुरुवात केली. त्यात नाग एकच होता आणि गाणीही नव्हती. पाण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी परातीत पाणी आणलं, काकूंची बोटं त्यात बुडवली आणि हळूच परात हलवली. "आसं," ते म्हणाले, "आस्संच हलत हुतं." काकू बोटं तशीच ठेवून ऐकत होत्या.

मधेच त्यांनी विचारलं, "आन् त्या म्हाताऱ्याचं काय झालं?"

गेल्या महिन्यात आण्णांच्या घरची बाकीची सगळी पन्हाळ्याला फिरायला गेली होती. माझी कशाला अडचण, म्हणून काकू हट्टानं मागं राहिल्या, आणि मग आण्णाही गेले नव्हते.

"न्हेला की," आण्णा म्हणाले. "पयला त्यालाच बशिवला तराफ्यावर. मग बाकीची चढली."

काकूंनी मान माझ्या बाजूला वळवली. "खरं व्हय, मास्तर? ह्ये मनाचं लावत्यात."

आण्णा माझ्याकडं बघत नव्हते.

"खरं आहे, काकू," मी म्हणालो. "मधोमध बसवला. पिल्लं त्याला धरून बसली होती."

काकूंचा चेहरा सैल झाला. "मग चांगला हाय की पिच्चर," त्या म्हणाल्या. "मघाधरनं जिन्यात नावं ठेवत हुता, मला ऐकू येत हुतं की."

आण्णा परात घेऊन मोरीकडं गेले. पाणी ओतून त्यांनी परात भिंतीला टेकवून ठेवली.

"व्हय," ते तिकडूनच म्हणाले. त्यांचा एवढा हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता. "चांगला हाय."