साठ काळ्या पट्ट्यांची कैफियत

महामंडळाचे गादीवर बसणारे साहेब, ही विद्या आपण बुडविली. परचक्र आलें नाहीं, चोरांनीं नेली नाहीं, आग लागली नाहीं. आपल्या राज्यांत, आपल्या डोळ्यांदेखत बुडाली आणि आपण टाळ्या वाजविल्या. हें तोंडावर सांगणारा कोणी उरला नाहीं, सबब कागदावर सांगतों. कोणीं पुसिलें नाहीं, लिहिण्याची आज्ञा जाहली नाहीं, तरी लिहितों.

चटईस नमन. ज्या हातांनीं पाडिलें आणि त्याच हातांनीं उठविलें त्या हातांस नमन. शके एकोणीसशें शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, रविवार, ते दिवशीं जें घडलें त्याची हकीकत मुळापासून ऐसी जे: एके नगरीं कराटे नामें हातपायांची विद्या होती. ती समुद्रापलीकडून आलेली, परंतु त्या नगरीं दिनकरराव लाटकर यांनीं रुजविली. दिनकरराव दिवसा पालिकेच्या पाण्याच्या टाकीवर व्हॉल्व्ह फिरवीत आणि सायंकाळीं शाळेच्या मागल्या हॉलांत राज्य करीत. राज्य म्हणजे किती? बत्तीस फूट लांब, वीस फूट रुंद, तीन खिडक्या आणि काथ्याच्या चटया. फौज चाळीस. आणि त्या राज्याचा कायदा असा कीं, नवा शिष्य आला म्हणजे सहा महिने त्याजला ठोसा नाहीं, लाथ नाहीं, नुसतें पडणें. मागें पडणें, कुशीवर पडणें, कोलांटी घेऊन पडणें. हनुवटी छातीस लावावी, तळवा चटईवर सपाट आपटावा, आणि हात लांब करून जमीन धरावयास कदापि जाऊं नये, कारण सगळा भार मनगटावर येतो आणि मनगट जातें. पडतां पडतां हात पुढें करणें ही माणसाची जन्माची खोड. ती काढावयास सहा महिने. कोणी कंटाळून पुसे, "सर, मारायला कधी शिकवणार?" मग दिनकरराव म्हणत, "तुला मारणारा भेटला की तू आधी पडणार आहेस. त्याचं बघू, मग तुझ्या मारण्याचं बघू."

आणि काळा पट्टा देण्याची रीत ऐसी होती. शिष्यानें पांच-सहा वर्षें घाम गाळावा, परीक्षा द्यावी, मग दिनकररावांनीं एक गुडघा टेकून आपल्या हातें त्याचे कंबरेस पट्टा बांधावा, दोन्ही टोकें ओढून गाठ आवळावी, उठून उभें राहावें, आणि शिष्य हंसून मान लववीत आहे तों उजवा तळवा खांद्यावर ठेवून त्याजला अवचित धक्का द्यावा. शिष्य रीतीनें पडला आणि उठला म्हणजे पट्टा त्याचा. अंगास काळें वस्त्र आलें म्हणून पडणें विसरूं नये, हा त्यांतला मतलब. अडतीस वर्षांत असे धक्के अकरा दिले. अकराही जण नीट पडले.

हेमंतराव पोवळे हे त्या अकरांपैकीं सातवे. अंगानें चपळ, बोलण्यांत त्याहून चपळ. त्यांनीं वेगळा संसार मांडिला, साहेबांचे पदरीं गेले, साहेबांनीं शिक्का दिला, आणि दहा वर्षांत अठरा शाखा उभ्या जाहल्या. प्रथम त्यांच्या शाखांतही पडणें होतें. मग माता भिंतीलगत खुर्च्या मांडून बसत त्या बोलूं लागल्या, "आमची मुलं नुसती आपटतायत. किक कधी?" आणि हेमंतरावांनीं सहा महिन्यांचे तीन केले, मग तिनाचा एक केला, मग पडणेंच काढून टाकिलें आणि त्या जागीं गाण्यावरची कसरत घातली. दीड वर्षांत काळा पट्टा मिळूं लागला. ज्यांच्या स्वतःच्या पट्ट्याची घडी मोडली नव्हती ते गुरु जाहले, आणि गुरु खुर्चीवर बसून मोबाईल पाहत पाहत "अजून वीस" म्हणूं लागले, आणि वीस कोणी मोजिले नाहींत. आतां कोणी म्हणेल आदर गेला, तर तसें नाहीं. आदर वाढला. गुरुपौर्णिमेस मंच घातला, हेमंतरावांस सिंहासनाऐशा खुर्चीवर बसविलें, मुलांनीं रांगेनें पायांवर डोकीं ठेविलीं. फोटोवाला म्हणाला, "परत एकदा, डोकं जरा डावीकडे," आणि मुलांनीं परत एकदा भक्ति केली. त्याच आषाढांत दिनकरराव पोटाचें ऑपरेशन होऊन बारा दिवस दवाखान्यांत होते. अकरांपैकीं भेटावयास किती गेले? एक. लिहिणारा त्या अकरांतला आहे, तोही गेला नाहीं. खोटें कशास लिहूं.

जी एक गेली ती नसीम तांबोळी, अकरावी आणि शेवटची, एसटींत कंडक्टर. इकडे दिनकररावांची नोकरी संपली होती, पत्नी निवर्तली होती, आणि हॉलांतले चाळीस जाऊन वीस, वीस जाऊन पांच, आणि अखेर ही एकटी राहिली. तरी दिनकरराव सहाचे ठोक्यास हॉल उघडीत, झाडीत, चाळीस जणांच्या चाळीस चटया अंथरीत. मग समोर उभे राहून त्या विद्येच्या मुलखाच्या बोलींत आंकडे पुकारीत, इची, नी, सान, आणि फौजेनें एका दमांत तोच आंकडा परत म्हणावयाचा ऐसी चाल. परत म्हणणारा आवाज एक. नसीमची मुक्कामी गाडी असे ते दिवशीं तोही नाहीं. तरी पुकारीत, दर आंकड्यामागें थोडे थांबत, उत्तराला जेवढा वेळ लागावा तेवढेंच थांबत, आणि पुढचा आंकडा पुकारीत. शाळेचा शिपाई नसीमला म्हणाला, "तुमचे सर एकटेच ओरडत असतात. बरं आहे ना त्यांचं?" नसीम म्हणाली, "बरं आहे. ऐकणारे बरे नाहीत."

मग कार्तिकांत हेमंतरावांची स्वारी पेढ्यांचा पुडा घेऊन हॉलांत दाखल जाहली. बूट दारांत काढिले, इतकें स्मरण होतें. बोलिले, "सर, साठ ब्लॅक बेल्ट आहेत. एकाच दिवशी. साहेब स्वतः येणार आहेत."

"साठ?"

"साठ. गाठ तुम्ही मारायची. पालक विचारतात, तुमचे गुरु कोण."

"मग तू काय सांगतोस?"

"तुमचंच नाव सांगतो, सर."

"मी दवाखान्यात होतो तेव्हाही सांगत होतास?"

हेमंतरावांनीं पेढ्यांचे पुड्याची दोरी सोडावयास घेतली. मग दिनकररावांनीं एवढेंच पुसिलें, "पडतात का ती?"

"शिकवलंय थोडंफार."

थोडंफार म्हणजे कांहीं नाहीं, हें अडतीस वर्षें शिकविणाऱ्यास समजलें नसेल? समजलें. नसीमलाही समजलें. हेमंतराव गेल्यावर ती चटया गुंडाळीत बोलिली, "सर, तुम्ही नका जाऊ."

"मी म्हातारा झालो, एवढं काय."

"तुमची गाठ लागली की ती पोरं खरी होणार. उद्या कुणी त्यांना विचारणारसुद्धा नाही. नका जाऊ."

दिनकरराव बराच वेळ खिडकी लावीत राहिले. खिडकी लागली होती. मग बोलिले, "साठ जण आहेत, नसीम. मी इची म्हटलं की साठ जण इची म्हणतील."

नसीमनें एक चटई परत उलगडिली आणि पुन्हा गुंडाळिली.

मग ती सप्तमी उजाडली. लग्नाचें लॉन, फळ्यांचा मंच, त्यावर लाल गालिचा, ढोल, फुगे, आणि साहेब, आपण मधल्या खुर्चीवर होतां. दिनकरराव जुना पांढरा पोशाख घालून आले, गुडघ्यावर ठिगळ होतें, आणि निवेदिकेनें त्यांस मूळपुरुष म्हटलें. साठ मुलें ओळीनें उभीं. दिनकररावांनीं पुकारिलें, इची. आणि साठ कंठांतून इची आली. कित्येक वर्षांत त्या माणसास उत्तर मिळालें नव्हतें. दहापर्यंत गेले, आणि कोणीं सांगितलें नसतां पुन्हा दहा पुकारिले, आणि डोळे भरले, आणि तिसऱ्यानें दहा पुकारूं लागले तेव्हां हेमंतरावांनीं घड्याळ दाखविलें. मग पहिली मुलगी पुढें आली, ऋजुता देशमाने, वय बारा, दोन वेण्या. दिनकररावांनीं एक गुडघा टेकिला, पट्टा बांधिला, टोकें ओढून गाठ आवळिली, उठले. मुलगी हंसून मान लववूं लागली. आणि दिनकररावांचा उजवा तळवा तिच्या खांद्यावर गेला.

मनांत कांहीं नव्हतें. तें हातांत होतें. अकरा वेळां जें केलें तें हातानें बाराव्यानें केलें. धक्का तो किती, उंबऱ्यावरची मांजर सरकवावी इतका. नसीम खालून ओरडली, "सर, नको," तोंवर मुलगी गेली, आणि जाता जाता तिनें जन्माच्या खोडीप्रमाणें हात लांब करून जमीन धरिली. सुकी काटकी मोडावी ऐसा आवाज पहिल्या तीन रांगांस ऐकूं आला.

आई मंचावर धांवली. "मारलं. ह्या म्हाताऱ्यानं मारलं माझ्या मुलीला." सर्वांनीं हेमंतरावांकडे पाहिलें. मंचावर ती रीत ठाऊक असणारा माणूस तो एक, त्याच्या स्वतःच्या खांद्यावर तोच तळवा पडलेला, आणि माईक त्याचेच हातांत. एक वाक्य पुरें होतें. हेमंतराव बोलिले, "सरांचं वय झालंय. तोल जातो अधूनमधून. आपण समजून घेऊ."

नसीम मंचावर चढून आली. "पोवळे, तुलाही ढकललं होतं. सांग की ह्यांना."

"नसीम, आत्ता नको."

"मग कधी? ह्या पोरांना पडायला शिकवलंस का नाही, ते तरी सांग."

"खाली चल. साहेब बसलेत."

"त्यांनाच ऐकू दे."

दिनकरराव मुलीपाशीं खालीं बसले होते, तिचा हात उचलूं नये म्हणून आपल्या मांडीवर तोलून धरिला होता. तेथूनच बोलिले, "गप, नसीम. आधी फळी आण. हात बांधायचाय." नसीमनें सत्कारास आणिलेल्या मानचिन्हाची लांकडी फळी मोडून दोन तुकडे केले, हात बांधिला, आणि मुलीस दवाखान्यांत नेलें. मागें ढोल पुन्हा सुरू जाहला. उरलेल्या एकोणसाठ गाठी हेमंतरावांनीं वीस मिनिटांत मारिल्या. धक्का एकासही दिला नाहीं, म्हणून एकही पडला नाहीं, आणि ऋजुताचा पट्टा धरून एकंदर साठ जाहले ऐसें वर्तमानपत्रांत छापून आलें.

आठा दिवसांनीं साहेबांचा हुकूम आला कीं, दिनकर लाटकर यांनीं विद्यार्थिनीस मारहाण केली, सबब त्यांचा पट्टा रद्द, नांव खारीज, हॉल बंद. नसीम म्हणाली, "सर, मी लिहिते. पोवळे सोडून आम्ही दहा जण सह्या करू." दिनकरराव बोलिले, "दहा कुठून आणशील? आणि हात माझाच होता. पडता येत नाही हे मला ठाऊक होतं, तरी गेलो." ती म्हणाली, "शिकवायचं काम ज्याचं होतं तो सुटला, आणि तुम्ही एकटे धरले गेलात." ते बोलिले, "तो कुठे एकटा होता?"

मग एके दुपारीं दिनकरराव चिकूंची पिशवी घेऊन त्या मुलीचे दारीं गेले. तिसरा मजला. आईनें साखळी न काढतां दार वीतभर उघडिलें. "आता काय पाहिजे?" दिनकरराव बोलिले, "काही नाही. हात कसा आहे, एवढंच विचारायला आलो." आई म्हणाली, "तुमच्या कृपेनं आहे प्लास्टरमध्ये." आणि दार लावणार तों आंतून मुलीचा आवाज आला.

"आई, सर आहेत का?"

"तू अभ्यास कर."

"सर," ती आंतून बोलिली, "मी चुकले का?"

आणि साहेब, त्या माणसानें अडतीस वर्षें प्रत्येक मुलास चूक दाखविली होती. हनुवटी वर राहिली, तळवा उशिरा आला, टांच उचलली. अंधारांतसुद्धां आवाजावरून चूक ओळखीत. तो माणूस त्या दारांत उभा राहिला आणि त्यास कांहीं बोलतां आलें नाहीं. चुकलीस म्हणावें तर तिला कोणीं शिकविलें नव्हतें. चुकली नाहींस म्हणावें तर हात मोडला होता. पिशवी पायरीवर ठेविली आणि जिना उतरून गेले. नसीम त्या दिवसापासून रोज ड्यूटी सुटल्यावर त्यांच्या घरीं जाते. ते चहा करितात, दोघें बसतात. एकदां तिनें मुद्दाम इची म्हणून पाहिलें. ते उठून कप धुवावयास गेले.

येणेंप्रमाणें घडलें तें लिहिलें. पदरचें घातलें नाहीं आणि कोणाचे भयानें गाळिलें नाहीं. सारांश इतकाच कीं, एक माणूस एकलेपणास कंटाळून एक दिवस चुकला, त्यास शिक्षा जाहली आणि त्यानें ती घेतली. दुसऱ्यानें दहा वर्षें रोज थोडें थोडें चुकविलें, त्यास आपण मानाची शाल दिली. उरलेले आम्ही नऊ जण घरीं बसून राहिलों, आमची चूक आम्हांस ठाऊक आहे. राहिली ती मुलगी. तिचें प्लास्टर पौषांत निघालें. परंतु तिनें दारापलीकडून जें पुसिलें त्याचें उत्तर अद्याप तिला कोणीं दिलें नाहीं. गुरूस तें देतां येईना. पोवळे देणार नाहींत. आपण मधल्या खुर्चीवर होतां, पट्टा आपल्या शिक्क्याचा होता, आणि तिनें हात पुढें केला तो आपण पाहिला. तर ती चुकली कीं नाहीं? जबाब आम्हांस नको. तिसरा मजला चढून, त्या दारांत उभें राहून, तिला द्यावा.