चार फुटांचा नवरदेव

देवरीच्या साक्षी साखरेला रविवारी सकाळी कुडव्याच्या नेमबाजी केंद्रावर हजर व्हायचं होतं. विभागीय संघाची निवड चाचणी होती. ती वर्षातून एकदाच होते आणि जो वेळेवर पोचत नाही त्याला पुढच्या वर्षी वेळेवर यायला सांगतात. साक्षी अकरावीत होती आणि तिचा नेम असा, की शाळेच्या क्रीडाशिक्षकांनी तिचे भोकं पडलेले कागद फ्रेम करून भिंतीवर लावले होते. रायफल तिची स्वतःची होती. हवेच्या दाबावर छर्रा सोडणारी, खेळातली, परवाना न लागणारी. पेटीसकट लांबी चार फूट. प्रश्न एवढाच होता, की ही चार फूट लांबीची वस्तू देवरीहून कुडव्याला न्यायची कशी.

खरं तर हा प्रश्न साक्षीला पडलाच नव्हता. पेटी पाठीला लटकवायची, वडिलांच्या मोटारसायकलवर मागे बसायचं आणि निघायचं, असा तिचा साधा बेत होता. तिची आई अल्काबाई हिचंही तेच मत. पण वडील भोजराज साखरे एका सरकारी कचेरीत कनिष्ठ लिपिक होते, आणि कोणाला न विचारता केलेली गोष्ट ही मुळात झालेलीच नसते, अशी त्यांची श्रद्धा होती. घरात पंखा बसवतानासुद्धा त्यांनी शेजाऱ्यांना काही हरकत आहे का, असं विचारलं होतं. तेव्हा त्यांनी शर्ट खोचला आणि ते विचारायला निघाले. पुढे जे काही रामायण झालं ते या विचारण्यामुळे झालं, हे आधीच सांगून ठेवतो.

चौकीत हवालदार छोटेलाल बसले होते. माणूस भला होता. फक्त बंदूक हा शब्द कानावर पडला, की ते खुर्चीतून उठत. भोजराज "खेळातली" म्हणेपर्यंत ते उठलेही होते.

"लायसन्स?"

"साहेब, हिले लायसन लागत नाही."

"ठीक है. तो नहीं लगता, इसका लायसन्स दिखाओ."

भोजराजांना हा मुद्दा रास्त वाटला. आपल्या टेबलावर त्यांनी स्वतः अनेकांना असंच विचारलं होतं. "असं लायसन कोठं मिळते जी?" त्यांनी नम्रपणे विचारलं.

"कहीं नहीं मिलता," छोटेलाल प्रामाणिकपणे म्हणाले. मग त्यांना दया आली. "देखो बाबू, अपना इलाका कैसा है, तुमको मालूम है. दिख गई तो दहशत. छुपा ली तो साजिश."

"मंग न्यावं कसं?"

"दिखनी चाहिए," छोटेलाल म्हणाले, "लेकिन बंदूक नहीं दिखनी चाहिए."

बहुतेक सरकारी सूचनांप्रमाणे ही सूचनाही भोजराजांना समजली नाही. म्हणून त्यांनी ती तंतोतंत पाळायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी रंगीत तालीम झाली. पेटी धानाच्या रिकाम्या पोत्यात घातली, सुतळीने आवळली आणि मोटारसायकलला बांधली. जंगल नाक्यावर गार्डने दांडा आडवा केला, पोत्यावर बोटांनी टकटक केलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"सागवान!"

"नाही जी, लाकूड नाही. बंदूक होय."

"मंग तसं आधी सांगा ना!" गार्डच्या जिवात जीव आला. "बंदुकीचं आमच्याकडं नसते. जा." भोजराज गेले, आणि गार्डने कर्तव्य म्हणून चौकीला फोन केला. भोजराज गावात परतले तेव्हा छोटेलाल वाटेतच उभे होते. "मैंने बोला था दिखनी चाहिए. तुमने बोरे में डाल दी?"

पोतं काढलं. नुसती पेटी आडवी बांधली, तर बाजारात एका टोकाने उसाच्या रसाची गाडी अडली आणि दुसऱ्या टोकाने एक गाय. साक्षीच्या पाठीला उभी लावली, तर चौकातल्या किराणा दुकानदाराने शटर खाली ओढलं आणि आतून गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळवलं, की जंगलातले दोघं आले आहेत, एक जण पोरीच्या वेशात आहे. हा निरोप संध्याकाळपर्यंत भोजराजांच्याच फोनवर पाच जणांकडून आला, आणि सावध राहण्याच्या विनंतीसह त्यांनी तो मेहुण्याला पुढे पाठवलाही.

मोटारसायकल बाद झाल्यावर भोजराज बस स्टँडवर गेले. तिथे एक बस भरत होती. एक माणूस खांद्यावर कुऱ्हाड घेऊन चढला, एक बाई कमरेला विळा खोचून चढली, आणि कंडक्टरने मोठ्या मायेने कुऱ्हाड सीटखाली सरकवून दिली. भोजराजांना धीर आला. त्यांनी चौकशीच्या खिडकीत तोंड घातलं आणि चार फुटी बंदूक बसने नेता येईल का, असं विचारलं.

"लांब वस्तू आडवी चालत नाही," खिडकीतून उत्तर आलं. "येजा अडते."

"उभी धरतो."

"उभी धरली तं मांगच्याले समोरचं दिसत नाही. सीटवर ठेवा."

"सीटवर ठेवतो."

"सीट अडवली तं पुरं तिकीट लागन."

"पुरं तिकीट काढतो जी!"

"पुरं तिकीट काढलं तं तो प्रवासी झाला," खिडकी म्हणाली. "अन् प्रवाशाले संगं बंदूक नेता येत नाही."

"अहो, प्रवासीच बंदूक होय!"

खिडकीने क्षणभर विचार केला. "मंग त्याले तं बिलकूलच बसता येत नाही."

भोजराज घरी आले ते खचून नव्हे. उलट त्यांच्या चालण्यात एक तरतरी होती. रायफल ही प्रवासी आहे, हे आज एका अधिकृत खिडकीने तत्त्वतः मान्य केलं होतं. अल्काबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हातातला गोळा परातीत आपटला.

"काऊन इचारून राहिले जी तुम्ही साऱ्या गावाले? पेटी पाठीले लावा अन् जा ना. पोरीचा रविवार चुकला तं मी तुम्हाले घरात घेणार नाही, सांगून ठेवतो."

"आता कसा जाऊ? आता साऱ्याइले मालूम झालं."

हे मात्र खरं होतं. न विचारता गेले असते तर कोणी पाहिलंही नसतं. आता जंगल नाका, चौकी, बस स्टँड आणि किराणा दुकान, सगळे त्या पेटीची वाट पाहत होते. साक्षी कोपऱ्यात बसून रिकाम्या रायफलीने भिंतीवरच्या खिळ्यावर नेम धरत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण नळी हलत नव्हती. भोजराजांनी ते पाहिलं आणि त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

त्याच वेळी शेजारचे बकाराम आले. बकारामची पांढरी गाडी लग्नाला भाड्याने जात असे, आणि महामार्गावर आपल्याइतका अनुभवी माणूस नाही, असं त्यांचं स्वतःबद्दल मत होतं.

"बाबूजी, लगनसराई चालू होय," ते खाटेवर बसत म्हणाले. "माही गाडी रोज धावते. झेंडूची माळ समोर, नवरी मंधात. आजपावतर एकानं हात नाही दाखवला. मांगच्या साली डिक्कीत सात वऱ्हाडी अन् एक बकरा नेला. बकरा ओरडत होता, तरी नाही थांबवलं."

मग सगळ्यांनी हळूच साक्षीकडे पाहिलं.

"पप्पा, मी निशाणा लावाले जाऊन राहिली," साक्षी म्हणाली. "सासरी नाही."

"नाक्यापुरतंच गं बाई," भोजराज म्हणाले.

अल्काबाईंनी ट्रंकेतून स्वतःच्या लग्नातली पांढरी साडी काढली, कारण त्यांच्यात नवरीला पांढरं नेसवतात. बकारामनी मान हलवली. "वहिनी, पांढऱ्यात लांबून नर्स दिसन. नर्सले थांबवतात लोकं, बीपी पाहाले." मग बकारामची बायको मंदाबाई हिचा पिवळा शालू आला, बाशिंग आलं. नवरी झाली. नवरदेवाचं काय?

बकारामनी चार फुटी पेटीकडे पाहिलं. भोजराजांनी बकारामकडे पाहिलं. प्रवासी म्हणून ती मान्य झालीच होती, आता तिला फक्त कपडे हवे होते. मेहुण्याची शेरवानी चढली, वर उशीचं डोकं, डोक्यावर गुलाबी फेटा आणि तोंडावर गोंड्यांचा दाट सेहरा. सगळं झाल्यावर भोजराज दोन पावलं मागे सरकले. दिसत होती, आणि बंदूक दिसत नव्हती. आयुष्यात प्रथमच एखादी सूचना शब्दशः अमलात आलेली पाहून त्यांनी नवरदेवाला हात जोडले.

रविवारी वरात निघाली. जंगल नाक्याच्या गार्डने गाडी लांबून पाहिली आणि दांडा वर करून तो नमस्काराला उभा राहिला. महामार्गावर ट्रकवाल्यांनी हॉर्न वाजवून आशीर्वाद दिले. कोहमाऱ्याला एका ढाबेवाल्याने गाडीत पेढ्यांचा पुडा टाकला आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला. तिथेच दुसरी एक वरात डीजेसकट उभी होती. तिच्यातल्या पोरांनी ही गाडी आपलीच समजून तिच्यापुढे नाचायला सुरुवात केली. गाडी हलेना.

"पप्पा, वेळ होऊन राहिला!" बाशिंगाआडून साक्षी रडकुंडीला आली.

एवढ्यात शिट्टी वाजली. छोटेलाल! त्या दिवशी त्यांची ड्यूटी नेमकी कोहमाऱ्याला होती. त्यांनी नाचणारी पोरं बाजूला केली, दोन्हीकडचे ट्रक थांबवले आणि काचेतून आत डोकावले.

"अरे, साखरे बाबू! बिटिया की शादी? बताया नहीं!" मग त्यांनी नवरदेवाकडे पाहिलं. "दामाद जी कहाँ के?"

भोजराज खोटं बोलत नसत. "नागपूरहून आणले जी."

"करते क्या हैं?"

"खेळाच्या क्षेत्रात आहेत."

"थोड़े दुबले हैं. और बोलते नहीं?"

"कमी बोलतात," भोजराज घाम पुसत म्हणाले. "पण बोलले तं नेमकं."

"संस्कारी हैं," छोटेलाल समाधानाने म्हणाले. "और उस बंदूक का क्या हुआ?"

"तिची सोय लागली."

"अच्छा किया. लड़की की जात, बंदूक का क्या करेगी? अपने घर जाएगी, सुखी रहेगी." त्यांनी शेरवानीच्या खिशात आहेराचं पाकीट सरकवलं, नवरदेवाच्या खांद्यावर थोपटलं, खांदा कडक लागला म्हणून "कसरत करते हैं" असं कौतुक केलं, आणि डोळ्यांच्या कडा टिपल्या. मग स्वतः मोटारसायकलवर पुढे राहून त्यांनी गाडीला चौफुली पार करून दिली.

कुडव्याला पोचेपर्यंत त्या दुसऱ्या वरातीचा डीजे मागे लागला होता आणि त्याच्या गाडीवर वीसेक अनोळखी माणसं नाचत होती. गाडी थांबताच साक्षीने बाशिंग भिरकावलं, नवरदेवाला कमरेतून उचलून काखेत मारलं आणि ती धावत आत गेली. वऱ्हाड्यांनी हे पाहिलं, पण गाणं चांगलं लागलं होतं म्हणून कोणी नाचायचं थांबलं नाही. आत तिने शालूचा पदर कमरेला खोचला, रायफल काढली, श्वास रोखला. बाहेर भोजराज पेढ्यांचा पुडा छातीशी धरून उभे होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला, इथे उभं राहिलं तर चालेल का, असं विचारत होते.

साक्षी पहिली आली. विभागाच्या संघात तिचं नाव लागलं. भोजराज ढसाढसा रडले, आणि ते पाहून उरलेले वऱ्हाडीही रडले, कारण त्यांना वाटलं पाठवणी झाली.

परतताना साक्षीने शालूची घडी घातली. "आता मी माह्या कपड्यात जाईन," ती म्हणाली, आणि खेळाचे कपडे घालून, पेटी मांडीवर आडवी घेऊन पुढच्या सीटवर बसली. आज तिला नाही म्हणायची कोणाची हिंमत नव्हती. झेंडूच्या माळा एव्हाना बकऱ्यांनी खाल्ल्या होत्या.

कोहमाऱ्याला काठी आडवी आली. "रुको! पेटी में क्या है?"

छोटेलालच होते. बिनशालूची साक्षी त्यांना ओळखू आली नाही, आणि मागे पेंगणारे भोजराज त्यांना दिसले नाहीत. साक्षीने पेटी उघडून दाखवली. हवालदार दोन पावलं मागे सरकले.

"नाम? कहाँ से आई? किससे पूछकर निकली? उमर कितनी?"

"सोळा."

"सोलह!" छोटेलाल हादरले. मग त्यांना मागचे भोजराज दिसले, आणि त्यांचा आवाज चढला. "बाबू, ये तुम्हारी वही लड़की? सोलह साल की बच्ची! इसके हाथ में ये चीज़ देकर रास्ते पर घुमा रहे हो? कानून नाम की कोई चीज़ है कि नहीं?"

साक्षीने पेटी बंद केली.

"काका, सकाळी तुम्ही आहेर दिला तवाही मी सोळाचीच होती."

छोटेलालनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. माणूस भला होता, त्यांना खरोखर विचार पडला. शेवटी ते अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "बिटिया, सुबह की बात अलग थी. सुबह तो शादी थी."

त्यांना हसू नका. सकाळी ती पोर गाडीत बसली तेव्हा नवरीचं वय काय, असं तुम्हीही विचारलं नाहीत. तुम्ही फेट्याकडे बघून हसत होतात.