वैनगंगेतली मॉरेटानिया

मागच्या दाराच्या दोन फळ्या बदलायच्या, एवढंच काम होतं. त्यासाठी चामोर्शीच्या गुणवंतरावांनी एका रविवारी करवत हातात घेतली आणि तिथंच घात झाला. करवत घेतलेल्या नवऱ्याला घरात एकटं सोडू नये, हे कुंताबाईंना ठाऊक होतं. पण त्या नेमक्या बाजाराला गेल्या होत्या.

गुणवंतराव जंगलखात्यात कारकून. उभ्या जन्मात त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे पावसाळ्यातली वैनगंगा, तीही काठावर उभं राहून. पण सत्तेचाळीस साली एक गोरा साहेब बंगला सोडून गेला, त्याच्या रद्दीत त्यांना एक चित्र सापडलं होतं : मॉरेटानिया नावाची आगबोट. विलायतेहून अमेरिकेला जाणारी, सातशे नव्वद फूट लांब, वर चार धुरांडी. आठ वर्षं ते चित्र त्यांनी पेटीत लग्नाच्या धोतराखाली जपलं. (धोतर कसरीने खाल्लं. चित्र शाबूत.) त्या रविवारी कोऱ्या सागाच्या फळ्या समोर पडल्या आणि गुणवंतरावांच्या मनाने घेतलं, की दार काय, कोणीही करतो.

कुंताबाई परत आल्या, डोईवरची टोपली उतरवली आणि अंगणाकडे पाहत राहिल्या.

"हे दार हाये का जी?"

"नाई. बोट हाये."

"अन् मांगून कुत्रे शिरतीन तवा त्यायले बोट दाखवाची?"

"तुले नाई समजाचं. हे स्केलवर हाये. शंभर फुटाले एक फूट. म्हंजे आठ फुटाले जरासं कमी."

"सगळंच शंभरात एक?"

"सगळंच."

"मंग तुमची अक्कल पयलेच स्केलवर हाये म्हना," असं म्हणून कुंताबाई चूल पेटवायला गेल्या.

इथवर प्रकरण घरातलं होतं. ते बाहेर नेलं दादाजीनं. दादाजी म्हणजे कुंताबाईंचा धाकटा भाऊ. मार्कंड्याला महाशिवरात्रीची जत्रा भरते, तिथं सरकारी प्रदर्शन लागे, आणि धानाचा पहिला नंबर सलग तीन वर्षं दादाजीचा. त्यामुळे हा माणूस चालायचाही असा, की पुढं छाती पोचायची आणि मागून दादाजी. तो बहिणीकडे बियाण्याचं धान घेऊन आला आणि बोट पाहून बाजारभर ऐकू जाईल असा बोलला :

"भाऊजी, तुमाले खाटेचा पाय ठोकता येत नाई, अन् आगबोट बनवून राह्यले?"

अंगणाबाहेर चार ओळखीची माणसं थांबली. तिथं गुणवंतरावांनी गप्प बसायचं होतं. पण पुरुषाचं तोंड आणि गावतलावाचा फुटका पाट, एकदा सुरू झाला की थांबत नाही.

"यंदा पयला नंबर माह्या बोटीले. नाई भेटला तं भर जत्रेत मिशा काढीन अन् तुह्या बैलबंडीमांगं पायी येईन."

त्या मिशा साध्या नव्हत्या. आख्ख्या गुणवंतरावांत नजरेत भरावं असं तेवढंच होतं.

तीन महिने घरात दुसरा विषय नव्हता. घासलेटच्या डब्यांची चार धुरांडी झाली, त्यांना कचेरीतल्या लाल शाईचे चार हात बसले. खिळा ठोकून ठोकून बाजूंना दोनशे खिडक्या पाडल्या. तळाला डांबर लागलं, तितकंच गुणवंतरावांच्या सदऱ्यालाही. जत्रेला दहा दिवस असताना बोट गावच्या तलावात सोडली. मॉरेटानिया दोन हात गेली आणि उन्हाळ्यातल्या म्हशीसारखी कुशीवर आडवी झाली.

गुणवंतराव विचार करून करून म्हणाले, पोटात वजन पाहिजे. दगड भरले तर खडखडतात, रेती फटीतून गळते. घरात दादाजीनं आणलेलं धान होतं. बायकोला न विचारता (विचारलं असतं तर ही गोष्टच नसती) त्यांनी दोन पायल्या धान बोटीच्या पोटात ओतलं. पुन्हा तलाव. आता धान एका बाजूला घसरलं, खिडक्यांतून पाणी शिरलं आणि बोट दुसऱ्या कुशीवर झोपली.

ओली बोट घरी आली. उन्हानं लाकूड तडकू नये म्हणून गुणवंतरावांनी तिच्यावर ओली पोती टाकली. सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडलं. कोणाला हात लावू दिला नाही. आता आमच्या भागातल्या पाच वर्षांच्या पोरीला विचारा, ओलं धान घेतलं, वर ओलं पोतं टाकलं, काय होतं? ती हसेल. पण गुणवंतरावांनी वीस वर्षं फक्त दुसऱ्यांची झाडं कागदावर मोजली होती.

शिवरात्रीच्या सकाळी पोती काढली. दोनशे खिडक्यांतून हिरवे कोंब बाहेर आले होते. वरच्या फळ्या उचलल्या गेल्या होत्या, त्यांच्या फटींतून बोटबोट उंचीचे पऱ्हे (म्हणजे धानाची कोवळी रोपं) लवलवत होते. रोवणीसाठी टाकावेत तसे, दाट.

गुणवंतराव खाली बसले. मग उठून मिशांची कात्री घेऊन आले. कुंताबाईंनी मनगट धरलं.

"पऱ्ह्याले कातर नसते लावत. भरल्या धानाची हाय लागते."

"मंग काय करू वो? लोकं हासतीन."

"आतावरी काय रडून राह्यले होते का?"

बंडी निघाली. कलाकुसरीच्या मांडवातल्या बाबूनं चष्मा वर केला, बोट पाहिली आणि म्हणाला, "गवत लावलेली वस्तू इकडे बसत नाही. पुढचे या."

मागं दादाजी उभाच होता. "न्हावी पिपराखाली हाये, भाऊजी. आवाज देऊ का?"

गुणवंतरावांचा हात आपोआप मिशीवर गेला. कुंताबाईंनी बोटीचं पुढचं टोक उचललं.

"धरा मांगून."

"कुठी?"

"शेतीच्या मांडवात. धरा म्हनते ना."

तिथं नागपूरचा साहेब जपानी पद्धतीनं धान कसं लावावं हे सकाळपासून सांगून सांगून दमला होता आणि ऐकणारा एकही जागा नव्हता. कुंताबाईंनी त्याच्या टेबलावरचे कागद सरकवले आणि बोट ठेवली.

"साहेब, पूर आला का आमचे पऱ्हे बुडून सडतेत. हे पाहा. हे पान्यासंगं वर चढतेत."

साहेब ताठ झाला. "तरंगतं हे?"

"ते तसं म्हंजे..." गुणवंतराव म्हणाले.

"तरंगते," कुंताबाई म्हणाल्या.

बोट वैनगंगेवर गेली. मागं अर्धी जत्रा. मासेमारी करणाऱ्या इतवारी ढिवरानं दोरी धरली आणि बोट पाण्यात सोडली. ती डावीकडे कलली. गुणवंतरावांनी डोळे मिटले आणि मिशांचा मनातल्या मनात निरोप घेतला. पण आरडाओरडा होईना, म्हणून त्यांनी एक डोळा उघडला. मॉरेटानिया सरळ झाली होती. दहा दिवसांत मुळांनी मुळं धरून पोटातल्या धानाची घट्ट गादी विणली होती. घसरायला आता काही सुटं उरलंच नव्हतं. चार लाल धुरांडी, भोवती हिरवं रान, आणि आगबोट राणीसारखी प्रवाहात चालली होती. काठावर शिट्ट्या, टाळ्या. गुणवंतराव त्या क्षणी स्वतःच सातशे नव्वद फूट झाले.

संध्याकाळी साहेबानं नाव पुकारलं : धान विभाग, पहिला नंबर, सौ. कुंताबाई, तरंगते पऱ्हे.

"धान तं माहंच हाये," दादाजी म्हणाला. या वर्षी त्याची छाती आणि तो एकाच वेळी पोचले होते.

"तुहं होतं. उगवलं कोनाकडं?" कुंताबाई म्हणाल्या.

"पन नंबर बोटीले नाई भेटला. मिशीचं काय?"

"राहू दे दादाजी. त्यायच्या तोंडावर तेवढीच एक वस्तू धड हाये."

इतक्यात साहेबानं गुणवंतरावांना जवळ बोलावलं. गुणवंतरावांनी सदरा खाली ओढला, डांबराचा डाग हातानं झाकला आणि पुढं झाले.

"हे खोकं तुम्ही केलं?"

"हो साहेब. मॉरेटानिया. शंभर फुटाला एक फूट, एक इंच इकडचा तिकडे नाही."

"छान, मजबूत आहे. आम्हाला अशी आणखी वीस खोकी लागतील." साहेबानं पेन्सिलीनं बोटीवर टकटक केली. "फक्त वरची ही चार नळकांडी काढून टाका. पऱ्ह्यांवर सावली पडते."