मेश्रामकाकांचा सप्लाय

मेश्रामकाकांना हळू बोलता येत नाही, असं आम्ही प्रताप नगरातले सगळेच धरून चाललो होतो. हातभर अंतरावरच्या मला ते "काहून गा मास्तर, बरं आहे ना?" असं विचारत, की मागच्या गल्लीतले दुसरे एक मास्तरही "बरं आहे" म्हणून उत्तर देत.

माझा आवाज उलट वर्गातल्या तिसऱ्या बाकापुढे जात नाही. मी तंत्रनिकेतनात वीज शिकवतो.

काका लाइनमन म्हणून निवृत्त झालेले. टीव्ही अजून नागपूरला यायचा होता. घरोघर रेडिओ, तेही बहुतेक सेकंडहँड. कुणाचा बंद पडला की काकांचं एकच वाक्य: "पयले सप्लाय पाह्य गा!" सप्लाय म्हणजे भिंतीतली वीज घेऊन सेटला पोसणारा आतला भाग. काका शंभराचा बल्ब मधे जोडून सेट सुरू करत. बल्ब लख्ख पेटला, तर आत शॉर्ट. मंद राहिला, तर चिंता नाही. दहा मिनिटांत निदान. माझा पुतण्या गणितात नापास झाला तेव्हाही ते म्हणाले, "पोरगं चांगलं आहे. सप्लाय कमी पडून राहिला. तूप वाढवा!" तूप वाढवलं. पोरगं जाड झालं.

अशा माणसाचा स्वतःचा रेडिओ मात्र दोन वर्षं दुरुस्त होत नव्हता. काटोलच्या एका संत्रा-व्यापाऱ्याकडून घेतलेला जुना, चांगला भारदस्त सेट. दर रविवारी काका तो उघडत आणि काकूंना ओरडून सांगत, "सप्लाय कमजोर आहे वं! कंडेन्सर भेटून नाही राहिला!" सेट गल्लीभर ऐकू यायचा. आम्हाला वाटायचं, दुरुस्ती चालू आहे.

एका रविवारी काका भिवापुरी मिरची आणायला बाजारात गेले असताना काकूंनी मला कुंपणावरून हाक मारली. "मास्तर, तुम्ही तरी पाहा बाप्पा. यांच्या हातून काही होत नाही. रेडिओवरचा तो बाबा बातम्या नुसता पुटपुटते."

मला आनंद झाला, हे कबूल करतो. काकांना न सापडलेला दोष मी शोधणार होतो. मीटर आणला, मागचं झाकण काढलं, सप्लाय तपासला. इतका उत्तम सप्लाय मी प्रयोगशाळेतही पाहिला नव्हता. कंडेन्सर सगळे नवे. आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं, तशी मांडणीवरची ताटं थरथरली.

"पाहा," काकू म्हणाल्या, "कसा पुटपुटून राहिला."

मी काकूंकडे पाहिलं. मग मीटरकडे. "काकू, सेट तर..." एवढं बोललो आणि दारात पिशवी घेऊन उभे असलेले काका दिसले. त्यांनी दंडाला धरून मला अंगणात नेलं.

"सेट चांगला आहे, मले माहीत आहे," ते म्हणाले. इतक्या हळू, की मीच पुढे वाकलो. "तिची माय अशीच बहिरी झाली होती. मंग घरातलं कोणी तिच्याशी बोलेच ना. कोपऱ्यात बसूनच गेली बिचारी. हिले त्याचंच भेव आहे गा. म्हणून मी सगळ्यांशीच ओरडतो. एकट्या हिच्याशी ओरडलो, तर आपल्याले कमी ऐकू येते, हे तिले समजून जाईन ना."

हातातला मीटर कुठे लपवावा ते कळेना.

आत गेलो. काकू वाट पाहत होत्या. "काय निघालं?"

"सप्लाय कमजोर आहे, काकू."

"आँ?"

माझ्या मागे काका उभे होते. मी छाती भरून श्वास घेतला आणि जन्मात पहिल्यांदा ओरडलो, "सप्लाय कमजोर आहे, काकू!"

"मंग! मी म्हणतच होती," असं म्हणून त्या समाधानानं चहा टाकायला गेल्या. मागच्या गल्लीतले मास्तर धावत आले. त्यांना वाटलं, आमच्याकडे भांडण झालं.