बालवाडीसमोरचा स्पीडब्रेकर

कोल्हापुरात वाहतुकीचे सगळे नियम पाळणारा एकच माणूस आहे. तो मी. हे मी गर्वानं सांगत नाही, संतापानं सांगतो!

लाल दिवा लागला की मी थांबतो. थांबलो की मागून हॉर्नचा बँड सुरू होतो. परवा एकजण शेजारी गाडी लावून काळजीनं म्हणाला, "पावणं, गाडी बंद पडली काय?"

"नाही. लाल लागलाय."

"ते दिसतंय की! पण गाडीला काय झालंय?"

अशा गावात माझी ताई, क्रांती, शुक्रवार पेठेत बालवाडी चालवते. पोरं तीन-चार वर्षांची. दारासमोर सरळसोट रस्ता. आणि सरळ रस्ता दिसला की आमच्या लोकांच्या उजव्या मनगटात वारं शिरतं. गेल्या महिन्यात बालवाडी सुटताना एका मोटारसायकलवाल्यानं आदितीच्या हातातला डबा उडवला. पोरगी थोडक्यात वाचली. डब्याची मात्र चपाती झाली. तो गडी थांबलाही नाही. उलट जाताजाता ओरडला, "पोरं आवरा की!"

ताईनं स्पीडब्रेकरसाठी रस्त्याच्या खात्यात खेटे सुरू केले.

"अपघात झालाय का?" खात्यानं विचारलं.

"नाही. होऊ नये म्हणून ब्रेकर पाहिजे."

"मग झाल्यावर या."

त्यावर ताईनं तो चपटा डबा त्यांच्या टेबलावर असा आपटला, की शेजारच्या टेबलावरचे दोघे जागे झाले. खात्याचे उदयसिंह साहेब शुक्रवारी पाहणीला येणार, असं ठरलं.

"पोरं कडेला रांगेत उभी राहतील, हात वर करतील," ताई म्हणाली. "तरी गाड्या कशा थांबत नाहीत, ते बघू दे साहेबांना."

"पोरांना मी शिकवतो! अशी तयार करतो, की पोलिसांनी शिकवणी लावावी!"

"सम्राट, तुला स्वतःच्या चपला सापडत नाहीत."

"चपला रस्त्यावर उलट्या बाजूनं येत नाहीत, ताई."

मी अंगणात खडूनं पट्टे ओढले आणि सुरुवात केली. उजवीकडं बघा! डावीकडं बघा! परत उजवीकडं बघा! हात वर, आणि मोठ्यानं 'थांब'! पहिल्या दिवशी निम्मी पोरं आभाळाकडं बघत होती. राजवर्धन बोट नाकात घालून आत काय आहे ते तपासत होता. पण आठवडाभरात पोरं इतकी तयार झाली, की घरोघरी वाहतूक ठप्प झाली. आदितीनं तिच्या आजोबांना सकाळी सकाळी संडासाच्या दारात अडवलं. "थांब! लाल हाय!" आजोबांनी त्यावर माझ्या नावानं जे शब्द काढले, ते बालवाडीत शिकवत नाहीत.

शुक्रवार उजाडला. साहेब आले. पोरं दारासमोर रांगेत उभी राहिली. आणि रस्त्यावर एक गाडी नाही!

कारण साहेबांच्याच खात्यानं त्याच सकाळी रस्त्याचं खालचं टोक पाइपसाठी खणून ठेवलं होतं. वर्षभर ज्या रस्त्याला कुणी कुदळ दाखवली नाही, त्याला नेमका आजचा मुहूर्त! बऱ्याच वेळानं एक कुत्रं आलं. त्यानं दोन्ही बाजूंना बघितलं आणि सावकाश रस्ता ओलांडला.

"रस्ता तर शांत हाय की, बाई," साहेब म्हणाले. "कुत्रं सुदीक शिस्तीत गेलं."

"साहेब, आज खणलाय म्हणून!"

"कुणी खणलाय?"

"तुम्ही!"

"मग बरंच केलं की आम्ही." साहेब निघायला वळले.

ताईचा चेहरा लाल झाला. तो लाल मला बघवेना. ब्रेकर हातातून चालला होता, आणि उद्या तोच सुसाट गडी परत आला तर? माझं डोकं फिरलं. साहेबांना सुसाट गाडीच बघायची आहे ना? दाखवतो!

"साहेब, पाच मिनिटं थांबा!" म्हणत मी रस्त्याच्या वरच्या टोकाला पळालो. तिथं हंबीररावांचा गोठा. दारात मोटारसायकल उभी होती आणि हंबीरराव मोगरा नावाच्या म्हशीला आंघोळ घालत होते. मोगरा म्हणजे काळा मेघ, त्याला दोन शिंगं.

"हंबीरमामा, गाडी पाहिजे! पोरांना दाखवायला!"

"न्हे की. ढकलत न्हे."

हे 'ढकलत' मी ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. स्वतःचं हेल्मेट डोक्यावर चढवलं, कारण नियम म्हणजे नियम. आणि किक मारली.

गाडीला सायलेन्सर नव्हता. आवाज असा झाला, की पंचगंगेपलीकडच्या कोंबड्या उडाल्या असतील! मी सुटलो. मागं हंबीरराव काहीतरी ओरडत होते, पण हेल्मेट आणि त्या आवाजात मला काय ऐकू येणार? आरशात बघावं, तर आरसाच नव्हता.

पुढं बालवाडी आली. पोरांनी झटक्यात हात वर केले. "थांऽऽऽब!" छाती भरून आली. काय शिकवलंय मी! ठरल्याप्रमाणं न थांबता मी त्यांच्यासमोरून सुसाट गेलो. साहेबांचं तोंड उघडंच राहिलं. दिसला ना धोका? पण साहेब माझ्याकडं बघतच नव्हते. पोरंही बघत नव्हती. सगळे माझ्या मागं बघत होते.

आता एक सांगतो. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी नटवतात आणि मालकाच्या मोटारसायकलमागं पळवतात. त्यासाठी महिनोन्महिने सराव चालतो. त्या एका गाडीचा आवाज कानावर पडला, की म्हैस दावं तोडून त्यामागं धावते. हे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मलाही होतं. संतापात विसरलो!

मान वळवून बघतो तर मोगरा! अंगाला साबणाचा फेस, गळ्यात तुटलेलं दावं, आणि तिच्या मागं हातात तांब्या घेतलेले हंबीरराव!

मी पुढं बघितलं. पुढं खणलेला चर. ब्रेक दाबला. ब्रेक होता, नुसता दिसायला.

चरात पडल्यावर चिखलातून डोकं वर काढलं. मोगरा पोरांच्या रांगेसमोर गप उभी होती, कारण हात वर केला की थांबायचं, हे हंबीररावांनी तिला सरावात शिकवलं होतं. आदिती तिला म्हणत होती, "शाणी हाय माझी बाय."

"मामा, गाडीला ब्रेक नाही?" मी चरातून ओरडलो.

"म्हस मागं असताना ब्रेक कोण मारतंय?" हंबीरराव उलट गरजले. "ढकलत न्हे म्हटलं हुतं की न्हाय? आँ? माझ्या म्हशीला काय झालं असतं म्हंजे!"

साहेब काठावर येऊन मला न्याहाळत म्हणाले, "ह्या रस्त्याला धोका हाय, बाई. पटलं मला."

पंधरा दिवसांत ब्रेकर झाला. झकास, पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा. हंबीररावांच्या गोठ्यासमोर! साहेबांच्या मते या रस्त्यावर थांबणारा, शिस्तीचा एकच जीव होता, आणि तो जपला पाहिजे. पोरांसाठी सापडलं नाही, ते डांबर म्हशीसाठी सापडलं! शिवाय ब्रेकर ओलांडून लोक जो वेग घेतात, तो बालवाडीच्या दारात येईपर्यंत भरात येतो. मी रोज दात-ओठ खातो. चरात एक दात हलला, म्हणून एका बाजूनंच खातो.

ताईनं माझ्याशी बोलणं टाकलं आणि स्वतः मार्ग काढला. बालवाडी सुटली की पोरांची रांग घेऊन ती गोठ्यापर्यंत जाते आणि म्हशीच्या ब्रेकरवरून रस्ता ओलांडते. हंबीरराव तांब्या आडवा धरून गाड्या अडवतात. गाड्या थांबतात, कारण शेजारी मोगरा उभी असते.

काल मी लांबूनच बघत होतो. ताईनं विचारलं, "रस्ता कसा ओलांडायचा?"

सगळी पोरं एका सुरात ओरडली, "उजवीकडं बघायचं! डावीकडं बघायचं! परत उजवीकडं बघायचं! आणि सम्राटकाका येत न्हाय ना, ते बघायचं!"