नर्सबाईंचा पुराव्यानिशी निबंध

"आज वर्ग असा रंगवतो की संचालक स्वतः टाळ्या वाजवतील!" इंग्रजीच्या सरांनी मोजे चढवता चढवता बायकोला सांगितलं.

"हे कालपासून चौथ्यांदा ऐकतेय," बायको म्हणाली.

सर त्या इंग्रजीच्या संस्थेत तीन वर्षं हंगामी होते. आज संचालक मागच्या बाकावर बसून वर्ग पाहणार होते आणि मग सरांना कायम करायचं की नारळ द्यायचा, ते ठरवणार होते. तरी सरांच्या तोंडाची चक्की काही थांबत नव्हती.

वर्गातली सगळी मंडळी वयाने मोठी, परदेशी शिकायला निघालेली. सर त्यांना नुसती भाषा शिकवत नसत, तिकडची रीतभातही शिकवत. "तिकडच्या विद्यापीठात हवेतल्या गप्पा चालत नाहीत! विधान केलंत की पुरावा द्या. कोण बोललं, कुठे, कधी, सगळं लिहा!" हे त्यांनी सगळ्यांकडून पक्कं घोटून घेतलं होतं. या वेळी निबंधाला विषय दिला होता, 'एका संस्थेची संस्कृती'.

संचालक येऊन बसले. सरांनी वर्गातल्या सगळ्यात हुशार विद्यार्थिनीला, नर्सबाईंना, निबंध वाचायला उभं केलं. बाई आपल्या इस्पितळावरच लिहिणार, अशी त्यांची खात्री होती.

बाईंनी खणखणीत इंग्रजीत सुरुवात केली आणि सर दचकले. बाईंनी निवडलेली संस्था हीच होती! पहिल्या परिच्छेदात स्वच्छता आणि वक्तशीरपणा, तोवर ठीक होतं. दुसऱ्या परिच्छेदात सरांच्या पायाखालची जमीन सरकली. 'या संस्थेच्या संचालकांना इंग्रजी येत नाही. त्यांची इंग्रजी पत्रं त्यांची मुलगी लिहून देते.' लगेच पुरावा: 'बोलणारे: आपले सर; जिन्याखाली, चहाच्या सुट्टीत, गेला मंगळवार.'

सरांनी भीत भीत मागे पाहिलं. संचालक कौतुकाने मान डोलवत होते!

"व्हेरी गुड!" असं म्हणत त्यांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

नर्सबाईंनी शांतपणे पेन काढलं आणि दुसरा पुरावा म्हणून तेही टिपून घेतलं.

"मधे डायरेक्टर, डायरेक्टर असं ऐकलं मी," संचालक म्हणाले. "काय लिहिलंय हो बाई माझ्याबद्दल?"

"सांगते ना," नर्सबाई म्हणाल्या.

"स्तुती, साहेब!" सर जवळजवळ किंचाळलेच. "नुसती स्तुती!"

"असं? मग द्या इकडे. मुलीला वाचायला देतो!" आणि निबंधाची घडी संचालकांच्या खिशात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बोलावणं आलं.

"दार लावा," संचालक म्हणाले. निबंध टेबलावर होता. "मुलीने वाचून दाखवला. अर्थासकट."

"साहेब, चूक झाली! जीभ सैल आहे माझी. पदरात घ्या!"

"बसा. खोटं काय लिहिलंय त्यात?" संचालकांचा आवाज उतरला होता. "इतकी वर्षं मुलीने निभावून नेलं. आता तीही निघाली शिकायला परदेशी. पुढे पत्रं कोण लिहिणार, या विचाराने जीव टांगणीला लागलाय माझा. तुम्ही लिहाल?"

सर आयुष्यात पहिल्यांदा गप्प झाले. त्यांनी नुसती होकारार्थी मान हलवली.

"मग तुम्हाला कायम करतो. वर्गातली मंडळी महिनाभरात परदेशी पांगतील, त्यांचं मला काही नाही. पण तुम्ही इथेच राहणार! या कानाचं त्या कानाला कळता कामा नये. ज्या दिवशी बाहेर फुटेल, त्या दिवशी तुमची नोकरी संपली!"

सर तरंगतच घरी आले.

"अगं, कायम झालो!" बूटही न काढता ते दारातूनच ओरडले. "संचालकांची पत्रं आता मी लिहायची! त्यांना इंग्रजीचं अक्षर येत नाही ना! पण हे कुणाला सांगायचं नाही हं, तशी अटच आहे."

आतल्या खुर्चीवर बसलेल्या शेजारच्या काकूंनी अर्धा चहा तसाच ठेवला आणि "येते हं" म्हणून त्या लगबगीने निघाल्या.

बायकोने त्यांना जिना उतरताना पाहिलं. मग तिने घड्याळाकडे पाहिलं.

"कायम," ती म्हणाली, "म्हणजे किती वाजेपर्यंत?"